निळ्या कडेचे काळे एंजल

३ नोव्हेंबर

ठमे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्रही फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, एवढ्या भरवशावर लिहितोय.

आई तुझ्याकडे राहायला गेल्यापासून तिचा फोन रविवारी येतो. "जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते." तीन वाक्यांत आठवडा उरकते. तुझ्याबद्दल विचारलं की म्हणते, "बरी आहे." बरी म्हणजे कशी, ते सांगत नाही. जावईबापूंकडून एवढं कळलं की तू पुन्हा लॅबमध्ये जायला लागलीस, पण कवळ्या कोरायला नाही, काउंटरवर बसून ऑर्डरी लिहून घ्यायला. डाव्या हाताने लिहितेस म्हणे. तुमचे साहेब म्हणायचे ना, की देवाने बसवलेल्या दातांपेक्षा हिने बसवलेले बरे. असो.

हॉस्पिटलमध्ये मी जे बोललो ते बोलायला नको होतं. बोट काढून दोन दिवस झाले होते, तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि मी म्हणालो, "हातमोजे घाल म्हणून सांगितलं होतं." आई माझ्याकडे बघत राहिली. तू बघितलंही नाहीस. चुकलं माझं.

पण सांगितलं होतं हेही खोटं नाही. फेब्रुवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू नऊ दिवस घरी राहून माशांच्या चौदा टाक्या सांभाळल्यास, पाणी बदललंस, पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला घातलंस. ते मी विसरलेलो नाही. हातमोजे मागच्या खोलीत खिळ्याला लटकवलेले होते. तू ते काढून ठेवलेस, मासे अंडी घालतात त्या स्लेटच्या कडेने बोट कापलं, आणि पाण्यातला जंतू आत गेला. त्यात तुझ्या संधिवाताच्या औषधांनी अंगातली ताकद आधीच कमी. पाण्यात जंतू कुठे नसतात? दोष कुणाचा, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. झालं ते झालं.

इकडची बातमी द्यायची तर निळ्या कडेच्या एंजल माशांच्या जोडीने परवा पुन्हा अंडी घातली. मादी स्लेटवर वरून खाली ओळ धरून टाकत जाते, मागून नर येतो. कुणी पट्टी धरून रेघ मारावी तशी ओळ. तीनशेच्या आसपास असतील. पांढरी पडलेली अंडी दोघं तोंडाने उचलून बाजूला करतात. मी स्टूल टाकून दुपारभर बघत बसलो. आई इथे असती तर म्हणाली असती, "लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतंत."

हात दुखत नाही ना? थंडीत जखम ठणकते म्हणतात.

बाबा


२४ नोव्हेंबर

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

अंडी फुटली, पिल्लं पोहायला लागली, मिठाच्या पाण्यात आर्टेमियाचे बारीक जीव उबवून खायला घालतोय. पोटं नारिंगी दिसली की समजायचं, जेवली. तीनशेंतली शंभर-सव्वाशे उरली आहेत. एवढी गळती चालायचीच. मोठ्यांतलेही दोनचार गेले. हवा बदलली की जातात.

तुझे चित्रकलेचे मास्तर येऊन गेले. मे महिन्याच्या प्रदर्शनात माझ्या एंजलना पहिला नंबर मिळाला तेव्हा मी त्यांना एक जोडी दिली होती, आठवत असेल. नसेलही, तेव्हा तू तुझ्या दुखण्यात होतीस. रिटायर झाल्यापासून मास्तरांना चित्रांपेक्षा माशांचंच वेड जास्त. त्यांच्या अंगठ्यावर गाठ आली आहे, करवंदाएवढी, जांभळट. दुखत नाही म्हणतात. मला दाखवली आणि विचारलं, "काय असेल हो?"

मी म्हटलं, "गरम पाण्याने शेका. काटा गेला असेल एखादा."

ते बरं म्हणाले. चहा घेतला. जाताना टाक्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "खोलीत वास येतोय थोडा." मी म्हटलं, "फिल्टर धुवायचेत."

तुझ्या बोटाचीही सुरुवात अशीच होती. तू मार्चमध्ये दाखवलंस तेव्हा तुझी गाठ याहून लहान होती. मास्तर गेल्यावर मला जेवण गेलं नाही. हे आईला सांगू नकोस, ती म्हणेल उपास करून कुणाचं भलं होत नाही.

त्यांना मधुमेह आहे.

बाबा


१३ डिसेंबर

ठमे,

हे पत्र लिहायला चार दिवस बसतोय. लिहायचं ते बाजूला राहतं आणि हवापाण्याचंच लिहून होतं, मग फाडतो. आज सरळ लिहितो.

मास्तर मंगळवारी सकाळी आले. अंगठ्याला पट्टी होती. मी चहा टाकायला उठलो तर म्हणाले, "चहा नको. बसा."

त्यांच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आहे. घरात मासे आहेत का विचारलं, ते आजारी आहेत का विचारलं. मास्तर म्हणाले, "माझ्याकडे तुमचीच जोडी आहे, दुसरे मासे नाहीत. नर मागच्या आठवड्यात गेला. पाठीला बाक आला होता, पोट आत गेलं होतं. तुमच्याकडचे कसे आहेत?"

"ठणठणीत" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण कोपऱ्यात झाकण घातलेली बादली होती आणि मास्तरांची नजर तिकडे गेली. ते उठले, झाकण काढलं. सकाळपासूनचे नऊ होते.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"काही म्हणजे किती?"

मी म्हटलं, "वर्ष होत आलं."

ते मनात हिशेब करत असावेत. म्हणाले, "म्हणजे मला जोडी दिलीत तेव्हा."

"हो."

"मुलगी इथे राहिली तेव्हाही."

मास्तर झाकण परत ठेवून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिला पेन्सिल धरायला मी शिकवलं आहे. वर्गात सगळ्यांत स्थिर हात होता." एवढं बोलून निघून गेले. दाराशी मी म्हटलं, "मास्तर, चुकलं." ते म्हणाले, "मला कशाला सांगता?"

मग हे तुला सांगतोय. तू आलीस तेव्हा टाक्यांत आजार होता. तुला पाण्यात हात घालायला लावला तो आजारी माशांच्या. हातमोजे घाल म्हणालो, पण का ते सांगितलं नाही. मी स्वतः मागच्या डिसेंबरपासूनच ते वापरत होतो. माझ्या मापाचे मोजे तुझ्या हातात ढिले, पिल्लांना खायला घालायची बारीक पिचकारी त्यांत धरता येईना, म्हणून तू काढून ठेवलेस. कारण कळलं असतं तर काढले नसतेस, हे मला कळतं. आणि हॉस्पिटलमध्ये ते वाक्य मी तुझ्या तोंडावर फेकलं.

मास्तरांना गोळ्या सुरू झाल्या आहेत. पाच-सहा महिने घ्याव्या लागतील. वेळेत कळलं म्हणून अंगठा राहील, असं त्यांच्या सूनबाईने फोनवर सांगितलं. ते स्वतः फोनवर आले नाहीत.

बाबा


२ जानेवारी

ठमे,

टाक्या बंद केल्या.

तुला या माशांचा राग असणार, तरी कसं केलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. शुक्रवारी सकाळी उठून लवंगेचं तेल आणलं. पाण्यात टाकलं की मासे आधी गुंगतात, मग थांबतात. त्यांना दुखत नाही म्हणतात. पहिल्या टाकीत पिल्लं होती, ती सोपी गेली. शेवटची टाकी निळ्या कडेच्या जोडीची. दोघं स्लेटपाशीच होते, पुन्हा अंडी घातली होती. मी जवळ गेलो तर नर काचेवर येऊन आपटला, अंडी राखायला. मी तेल ओतलं. मादी आडवी झाली तरी तो तिच्या बाजूने पंख हलवत होता, अंड्यांवर पाणी खेळतं ठेवायला. मग तोही कलंडला.

अकरा वर्षं निवड करत आलो होतो. काळा रंग आणि पंखाला बारीक निळी कड, एवढ्यासाठी हजारो पिल्लं बाजूला केली. मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात माझं नाव कुणी घेत नाही, "एंजलवाले" म्हणतात. बाकी माझी ओळख काय, लिफ्ट दुरुस्त करणारा, तोही रिटायर. संध्याकाळच्या आत वाळू, स्पंज, झाडं, स्लेटा सगळं पिशव्यांत बांधून टाकून दिलं. टाक्या स्पिरिटने पुसून गच्चीवर उन्हात उपड्या घातल्या आहेत.

शनिवार ते मंगळवार मी घरोघर फिरलो. वर्षभरात माझ्याकडून मासे नेलेली अकरा घरं होती. यादी होती माझ्याकडे. प्रत्येक दारात तेच सांगितलं: माझे मासे आजारी होते, मी लपवलं, हात पाण्यात घालू नका, कुठे गाठ आली तर डॉक्टरांना माशांचं सांगा. बहुतेकांनी शांतपणे ऐकलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मोठ्या मनाने सांगायला आलात." त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

वह्यापुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. त्यांची टाकी काउंटरवर होती, शाळेतली मुलं येता-जाता बोटं बुडवायची. त्या म्हणाल्या, "माझ्या नातीला मी रोज या टाकीत दाणे टाकायला लावते. चार वर्षांची आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही जा आता. काही बोलू नका. जा." मी बाहेर आलो. मंडळाने मला काढून टाकलं आहे. सेक्रेटरींनी फोनवर बक्षिसाचा करंडक परत मागितला, तो मी त्याच दिवशी नेऊन दिला.

आता एक सांगायचं राहिलं आहे, तेच मुख्य.

एप्रिलमध्ये तुझ्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर आलो होतो. बोट सुजलेलं, दोन गाठी. त्यांनी विचारलं, घरात जनावरं, पक्षी, मासे? तू म्हणालीस, "माझ्याकडे नाहीत, बाबांकडे आहेत. फेब्रुवारीत मीच बघत होते." ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मासे आजारी आहेत का? मरतायत का?" मी म्हणालो, "छे, ठणठणीत आहेत."

तू म्हणालीस, "दोन मेले होते ना, बाबा? मी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये फोन केला होता."

मी म्हणालो, "ते म्हातारे होते."

तू मान डोलावलीस. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, संधिवातच उसळलाय असं ठरवलं आणि सूज उतरायला बोटात इंजेक्शन दिलं. नंतर कळलं की त्या इंजेक्शनने जंतूला रान मोकळं झालं. ऑगस्टपर्यंत तो हाडात गेला.

प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. बाहेर कळलं असतं तर माझे मासे आत घेतले नसते. तेव्हा मला शंका होती, म्हणून घाबरलो आणि तसं बोललो. शंकेपायी एवढ्या वर्षांचं काम कोण मोडतं, असं वाटलं.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुला वाटलं तर सांग.

बाबा


२१ जानेवारी

ठमे,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाकिटावरचं अक्षर ओळखता आलं नाही, मला वाटलं एखाद्या लहान मुलाचं आहे. मग लक्षात आलं, डावा हात.

आत चार शब्द. "शंका होती की माहीत?"

माहीत होतं.

कसं, ते सांगतो. तू येण्याआधीच्या डिसेंबरात पाच मासे एकाच पद्धतीने गेले तेव्हा मी त्यांतला एक बर्फात घालून मत्स्य कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या तपासनीस बाई मंडळाच्या कार्यक्रमांना यायच्या, ओळखीच्या. त्यांनी मासा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, हा माशांचा क्षय आहे. औषध नाही. सगळे नष्ट करा आणि टाक्या कोरड्या करा. आणि उघड्या हाताने पाण्यात जाऊ नका, माणसालाही लागतो. घरात कुणाला मधुमेह, संधिवाताची औषधं असं काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

तू माझ्या घरात राहत नव्हतीस, एवढ्या शब्दावर मी ते नाही म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं. फोन ठेवून मी बाजारात गेलो आणि कोपरापर्यंतचे हातमोजे आणले. एकच जोड आणला.

दोन महिन्यांनी तुला बोलावलं. मंडळातल्या कुणाला बोलावलं असतं तर त्याने टाक्या बघून ओळखलं असतं. तुला माशांतलं कळत नव्हतं, म्हणून तुला बोलावलं. हे मागच्या पत्रात लिहायला हात धजला नाही.

नोकरीत असताना, लिफ्टची दोरी झिजलेली दिसली तरी "चालतेय तोवर चालू दे" म्हणणाऱ्या लोकांना मी तोंडावर बोलायचो. लिफ्ट बंद करून चावी खिशात टाकून निघून यायचो. लोक आठ-आठ मजले चढायचे आणि मला शिव्या घालायचे, पण माझ्या हाताखाली कधी माणूस दगावला नाही. तो मीच होतो आणि हाही मीच. मला याचा मेळ लागत नाही. तू लावावास असं म्हणणं नाही.

तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर लावून दोन तास बसलो. त्यांना आधी ओळख पटली नाही. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी खोटं दिलं." मग सगळं सांगितलं, तपासनीस बाईंच्या फोनसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे आता का सांगताय?"

"मुलीने विचारलं म्हणून."

त्यांनी तुझी फाइल मागवली. ऑगस्टच्या पानावर लिहिलं होतं की रुग्णाने काळजी न घेता, हातमोजे न घालता टाकीत काम केलं. ते तुझ्याच सांगण्यावरून लिहिलं होतं. तू स्वतःला दोष देऊन सांगितलंस आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं होतं. मी म्हटलं, "हे खोडा." ते म्हणाले, "खोडता येत नाही, खाली जोडता येतं." मी तिथेच बसून एक पानभर लिहून दिलं: आजार मला आधीपासून माहीत होता, मुलीला सांगितला नाही, विचारल्यावर डॉक्टरांनाही सांगितला नाही. सही केली, तारीख घातली. त्यांनी ते फाइलला टाचलं. त्याची एक प्रत या पत्रासोबत आहे. तुला कुणाला दाखवायची असेल तर दाखव. मी नाकारणार नाही.

निघताना मी विचारलं, "तेव्हा खरं सांगितलं असतं तर?"

त्यांनी फाइलमधला एप्रिलचा फोटो काढून बघितला, दोन गाठींचा. मग म्हणाले, "इंजेक्शन दिलंच नसतं. तुकडा तपासला असता, तीन-चार महिने गोळ्या. एवढ्यावर भागायला हरकत नव्हती."

"म्हणजे बोट राहिलं असतं?"

"हो," ते म्हणाले. "राहिलं असतं."

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

बाबा